कांदा-कापूस

हिरामण नाना माणसाचं तोंड नंतर बघत, आधी पाय. शाळेत नवा मुख्याध्यापक आला तरी नानांची नजर आधी त्याच्या बुटांवर जायची. मग आम्हाला हळूच सांगत, ‘‘हाऊ माणूस टाच घसाडस. जास्त दिन टिकाव नही.’’ आणि खरोखरच बहुतेक जण टिकत नसत.

नाना धुळ्यातल्या आमच्या देवपूरच्या शाळेत शिपाई होते. तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेलं, तेवढ्या भांडवलावर त्यांनी शाळेच्या छात्रसेनेचं बँडपथक उभं केलं. एक मोठा ढोल, चार ताशे, काही बासऱ्या, आणि आम्ही. आम्ही म्हणजे आसपासच्या खेड्यांतली शेतकऱ्यांची पोरं. छात्रसेनेचे हुकूम सगळे हिंदीतून. ‘बाएँ मुड’ म्हटलं की मुलगे ढिम्म उभे राहत, कारण हा हुकूम बायांसाठी आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत. मुली तेवढ्या निमूट वळायच्या.

नानांनी कपाळावर हात मारला नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीतून कांद्याची पात आणि कापूस घेऊन आले. प्रत्येकाच्या डाव्या बुटाच्या नाडीत पात खोवली, उजव्याच्या नाडीत कापूस.

‘‘आते डावा नही, उजवा नही,’’ ते म्हणाले. ‘‘कांदा, कापूस. कांदा पहिले.’’

तेव्हापासून ती पथकाची रीतच झाली. दर जूनमध्ये नव्या पोरांच्या बुटांत जुनी पोरं पात आणि कापूस खोवणार, आणि मैदानावर आठवडाभर एकच गजर चालणार. माझी आई विचारायची, ही पोरगी बुटांना फोडणी देते की काय.

आणखी एक रीत होती. पंधरा ऑगस्टला आमचं पथक वाजवत पांझरा नदीकडे निघायचं, पण पूल आला की नाना हात वर करत. वाजवणं बंद. एवढंच नाही, पाय मिळवणंही बंद. शेकडो पाय एकदम आपटले तर पूल हादरतो, असं त्यांना कुणा जुन्या सैनिकानं सांगितलं होतं. ‘‘पुलवर ज्याना त्याना पाय,’’ नाना म्हणत. आम्ही मग वरातीतल्यासारखे गप्पा मारत पूल ओलांडायचो.

नववीत मोठा ढोल माझ्याकडे आला. ढोलाचा ठोका कांद्यावर पडायचा, आणि सगळं पथक त्या ठोक्यावर चालायचं. नानांनी पट्टा माझ्या खांद्यावर चढवताना बजावलं होतं, ‘‘चालता चालता ढोल बदलस नही पोरी. पाय बदलतस.’’

त्या वर्षी जळगावला छात्रसेनेच्या पथकांची स्पर्धा होती. ‘तेज चल’ झालं आणि मी उजवा पाय टाकला. का टाकला, ते आजही मला सांगता येणार नाही. ठोका कापसावर पडला. माझ्या मागच्या रांगा माझ्या ठोक्याबरोबर गेल्या, पुढच्या बासरीवाल्यांचा पाय बरोबर पडलेला. पथकाचे मधोमध दोन तुकडे झाले. मला ते दिसत होतं आणि हात ठोके देत होते.

नाना कडेनं चालत होते. माझं नाव घेऊन ओरडले असते तरी चाललं असतं. ते ओरडले, ‘‘पुढल्या रांगा, कदम बदल!’’ बरोबर चालणाऱ्यांना त्यांनी चुकीचा पाय टाकायला लावला. सगळं पथक एकजात चुकलं, पण एक झालं. ढाल अर्थातच गेली. परीक्षकांनी विचारलं तेव्हा नाना म्हणाले, ‘‘हुकूम माझा चुकला साहेब.’’

परतताना गाडीत मी त्यांच्याशेजारी बसले होते. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, ‘‘बठ्ठासना पाय चुकना, मंग चुकना कोना?’’ सगळ्यांचाच चुकला, म्हणजे कुणा एकाचा नाही. आणि खिडकीला डोकं टेकवून झोपले. निदान डोळे तरी मिटले.

पुढच्या आठवड्यात पथक त्यांच्याकडून काढून घेतलं. शिपायाचं आता लक्ष राहिलं नाही, असं शाळेनं ठरवलं. कवायतीचे नवे सर आले. नाना पुन्हा फक्त घंटा वाजवू लागले. मैदानावर सराव सुरू झाला की ते घंटेखाली उभे राहून आमच्या पायांकडे बघत. मी ढोल वाजवत राहिले. चूक माझी होती हे सांगायला दहावीचं सबंध वर्ष होतं. मी भ्याले होते, दुसरं काही नाही.

पुढे मी त्याच शाळेत शिक्षिका झाले. नाना तेव्हा निवृत्तीला आले होते. मला ‘मॅडम’ म्हणायचे आणि पायांकडे बघून हसायचे. निवृत्तीनंतर ते जळगावला, मेहरूणमध्ये मुलीकडे राहायला गेले. तिथं त्यांना अर्धांगवायू झाला. मी भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर होते, डावी बाजू गेलेली. पांघरुणातून पाय बाहेर आले होते. त्यांच्याकडे बोट दाखवून जड जिभेनं म्हणाले, ‘‘कांदा गया. कापूस ऱ्हायना.’’

मी हसले. मग म्हणाले, ‘‘नाना, ती जळगावची स्पर्धा...’’

‘‘चहा पी ले पहिले,’’ नाना म्हणाले.

मी चहा प्यायले आणि धुळ्याची गाडी पकडली. आठ दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. मी फळ्यावर अर्धवट राहिलेलं गणित पूर्ण केलं, तास संपवला. मला काहीच वाटलं नाही. दोन दिवस वाट बघितली, तरी नाही.

शाळेत शोकसभा झाली. मुख्याध्यापक चांगल्या मनानं बोलले. शेवटी म्हणाले, ‘‘नानांचं पथक नावाजलेलं. एकदाच, जळगावला, त्यांचा हुकूम चुकला. पण माणूस म्हटला की चुकायचाच.’’

मी उभी राहिले. हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाले, ‘‘हुकूम चुकला नव्हता. ढोल चुकला होता. ढोल माझ्याकडे होता.’’

मुख्याध्यापकांना वाटलं, मला दुःख अनावर झालंय. ‘‘बसा मॅडम, पाणी घ्या,’’ ते म्हणाले. मी बसले. पाणी घेतलं. इतकी वर्षं ज्याला भ्याले ते एवढंच होतं, आणि ज्यानं ते ऐकायला हवं होतं तो माणूस नव्हता.

घरी जाताना पुलावर आले. पुलावर पायांचा ताल मोडायचा असतो. मी दोन-तीनदा पाऊल बदलून पाहिलं, मोडेना. कांदा, कापूस, कांदा, कापूस. मधोमध थांबले. पुन्हा निघताना मुद्दाम उजवा पाय आधी टाकला आणि चालत राहिले. या वेळी माझ्यासाठी कोणी पाय बदलला नाही.