कॉनीची बुटकी व्होल्वो

आमच्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर अजून धड फळ्या बसलेल्या नाहीत. व्होल्वो गाडीला मात्र तीनदा नवी चाकं बसली. हे मी रागाने सांगते आहे, आणि राग आता गेला असेल असं कुणी समजू नये.

माझा नवरा कॉनी फेरीबोटीवर कामाला. आमचं बेट आणि पलीकडची मोठी जमीन यांच्यामध्ये एवढीशी खाडी. पिवळी बोट दिवसभर इकडून तिकडे, तिकडून इकडे. कॉनी हात करून गाड्या आत घेतो, साखळी लावतो, पलीकडे पोचलं की साखळी काढतो. संध्याकाळी घरी आला की घास गिळतो न गिळतो तोच शेडमध्ये, त्या जुन्या चौकोनी व्होल्वोच्या पोटाखाली. तिचं इंजिन दुसऱ्याच गाडीचं, सीटा तिसऱ्या गाडीच्या, आणि रंग असा की उन्हाळ्यात येणारे पर्यटक काळे चष्मे वर करून बघतात.

"अरे, एवढा पैसा ओतून ती धावणार कुठे?" मी विचारायची. "बेटावर रस्ता तो केवढा!"

"मरीता, दिवसभर मी लोकांना पलीकडे पोचवतो. ते उतरतात, निघून जातात, मी परत इकडे. वळून कुणी बघत नाही. या गाडीकडे बघतात."

"मग गळ्यात पाटी अडकवून उभा राहा. फुकटात बघतील."

यावर तो हसायचा. हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हे माझ्या संसाराचं सगळ्यात मोठं दुखणं.

आमची एकुलती एक मुलगी तिल्डे. ती लहान असताना कॉनीने तिला कबूल केलं होतं, "तुझी शाळा संपेल ना, त्या दिवशी याच गाडीतून तुला घरी आणीन." शाळा खाडीपलीकडे. त्या दिवशी आमच्याकडे मुलं पांढऱ्या टोप्या घालून शाळेच्या दारातून धावत बाहेर येतात, आणि घरचे लोक त्यांचा लहानपणचा फोटो काठीला लावून, सजवलेली गाडी घेऊन उभे असतात. मला वाटायचं, मोठी झाल्यावर पोरीला या गाडीची लाज वाटेल. तिला कसली लाज! उलट, दर वर्षी आठवण करायची.

तर त्या दिवसासाठी म्हणून कॉनीने वसंतात गाडी आणखी खाली बसवली. आखूड स्प्रिंगा आणल्या. गाडी जमिनीपासून चार बोटं वर राहिली.

"आणि बोटीवर चढताना?" मी म्हटलं.

"बाई गं, रॅम्प तू मला शिकवतेस? मोजून घेतलाय मी."

मोजला होता, खोटं कशाला बोलू? पण एप्रिलमध्ये, नेहमीच्या पाण्याला. जूनमध्ये आभाळ निवळलं आणि पूर्वेचा वारा सुटला की आमच्या किनाऱ्याचं पाणी बाहेर ढकललं जातं. बोट खाली बसते, धक्क्यावरून बोटीत जायचा रॅम्प उतरता होतो. हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कॉनीला तर सगळ्यांत जास्त. पण गाडी चकाचक करायला त्याने आठवडाभर रजा काढली होती, आणि तो आठवडाभर शेडच्या बाहेर आलाच नाही. ज्याचं अख्खं आयुष्य पाणी बघण्यात गेलं, त्याने नेमकं त्या आठवड्यात पाणी बघितलं नाही!

सकाळी आम्ही निघालो. बॉनेटवर बर्च झाडाच्या डहाळ्या, आरशांना निळ्या-पिवळ्या फिती, मागे तिल्डेच्या फोटोची पाटी. फोटोत ती दीड वर्षाची, तोंडात गाडीचा पाना. धक्क्यावर आलो. पुढची चाकं रॅम्पच्या उतारावर गेली, आणि गाडीचं पोट धक्क्याच्या कडेवर टेकलं. असा काही कर्रकन आवाज आला की माझे दात शिरशिरले.

बोटीवर स्टेल्लान होता, कॉनीच्या जोडीला काम करणारा. तो म्हणाला, "कॉनी, रोज तू पर्यटकांवर खेकसतोस, 'सावकाश, पोट घासेल!' आज मी खेकसू का?"

कॉनी हसला नाही. तेव्हाच मला कळलं, आता काही खरं नाही.

मागे गाड्यांची रांग लागली. म्हातारे योतेकाका ट्रॅक्टर घेऊन पुढे आले. "ही गाडी की सरपटणारं जनावर रे?" असं म्हणत त्यांनी तिला दोर लावून मागे ओढलं. तिच्या पोटातून तेलाचा काळा ओघळ धक्क्यावर आला.

"पाटी उचल," मी म्हटलं. "चल आता. पोरगी वाट बघत असेल."

डहाळ्यांसकट गाडी तिथेच टाकून आम्ही पायी बोटीत शिरलो. कॉनी त्याच्या एकुलत्या एका सुटात साखळीपाशी जाऊन उभा राहिला, रोज उभा राहतो तिथेच. पलीकडे पोचल्यावर त्यानेच साखळी काढली.

बस पकडून शाळेत पोचेपर्यंत पटांगण रिकामं होत आलं होतं. गळ्यात फुलं अडकवलेली तिल्डे भिंतीशी उभी.

"बाबा, गाडी?"

"पाणी उतरलंय."

ती बघतच राहिली. "बाबा, तू? तुला पाण्याचं कळलं नाही?" आणि रडायला लागली.

"अगं, त्या भंगारासाठी रडतेस?" मी भडकले. "आम्ही आलोय ना!"

"आई, गाडीसाठी कोण रडतंय? आज एकदा तरी तोही इतरांसारखा गाडीतून पलीकडे उतरून पुढे निघणार होता, माझ्यासाठी. आता मीपण जाईन, आणि तो तिथेच साखळी लावत राहील."

ऑगस्टमध्ये ती शिकायला पार उत्तरेला जाणार होती. बसमध्ये आम्ही तिघं, गुडघ्यांवर ती पाटी आडवी. घरी पाहुणे खोळंबले होते, आणि कोळंबी लावलेला पावाचा केक उन्हाने पार लिबलिबीत झाला होता.

जुलैभर कॉनी शेडमध्ये होता. तेलाची टाकी बदलली, आणि मी न सांगता मूळच्या उंच स्प्रिंगा परत बसवल्या. गाडी अशी उंच झाली की माझ्या सासूबाईंनी बटाटे आणायला न्यावी. ऑगस्टमध्ये तो तिल्डेला स्टेशनवर सोडायला निघाला. मागच्या सीटवर बॅगा, त्यामुळे मला जागा नव्हती. मी धक्क्यावर उभी राहिले.

आणि त्या दिवशी पाणी काठोकाठ होतं. रॅम्प टेबलासारखा सपाट! बुटकी गाडीसुद्धा डुलत डुलत गेली असती.

बोट पलीकडे लागली. साखळी स्टेल्लानने काढली. गाड्या एकामागून एक उतरल्या, त्यात व्होल्वोही उतरली. चार गाड्यांतली एक. पलीकडे रांगेत लोक उभे होते, त्यांतल्या एकानेही मान वळवली नाही.

इतकी वर्षं मी त्या गाडीला शिव्या घातल्या. पण तेव्हा माझं डोकं असं फिरलं की मी खाडीच्या काठावर उभी राहून दोन्ही हात हलवत, घसा फाटेस्तोवर ओरडले, "अरे बघा ना, बघा जरा तिच्याकडे!"