लाँड्रीतली क्रेन

इस्पितळाच्या तळघरात, बॉयलरखोलीला लागून, लाँड्री आहे. तिथं बावीस वर्षं राबणाऱ्या बाईला सगळे क्रेन म्हणतात. हे नाव ठेवलं शेजारच्या बॉयलरदादानं. एकदा ओल्या चादरींची गाडी उंबऱ्यात अडकली होती. चार बाप्ये भोवती उभे राहून ती कशी काढावी यावर बोलत होते, आणि बोलणं काही संपेना. हिनं चौघांना बाजूला केलं, वाकली, पुढची दोन्ही चाकं उचलली आणि गाडी आत ढकलली. बॉयलरदादा म्हणाला, "बाई कसली, क्रेन आहे ही." सगळे फिदीफिदी हसले. तीही हसली. पण दुपारी डबा न उघडताच बसून राहिली, तेव्हा तिच्या नणंदेच्या लक्षात आलं की वहिनीला लागलंय. नणंद तिथंच इस्त्रीच्या मशीनवर होती. चणीनं एवढीशी, म्हणून तिला चिमटी म्हणायचे.

आता एवढं लागण्यासारखं काय होतं? तर तिचं कौतुक आजवर कुणी सरळ केलंच नव्हतं. लहानपणी ती खालच्या नळावरून दोन भरल्या बादल्या घेऊन तीन जिने चढायची. वडील म्हणायचे, पोरगी नाहीच ही, पोरगाच आहे माझा. आई म्हणायची, एवढं उचलू नको, खांदे रुंद होतील, मग बघेल कोण तुझ्याकडे. म्हणजे जोर लावला की ती पोरगी नाही, आणि पोरगी राहायचं तर जोर लावायचा नाही. मधे उभं राहायला वीतभर जागा कुणी ठेवली नव्हती.

चौदाव्या वर्षी शाळेत रस्सीखेच होती. दोराच्या शेवटच्या टोकाला जो मुलगा उभा राहायचा, तो तापानं पडला. खेळाच्या सरांनी सरावापुरतं हिला उभं केलं. पंधरा दिवस ती पाय रोवून उभी राहिली आणि एकदाही हलली नाही. सामन्याच्या दिवशी बूट घासूनपुसून मैदानावर आली, तर सरांनी तिच्या हातात पाण्याची किटली दिली. मुलीच्या जातीला हे बरं दिसत नाही म्हणाले, आणि कुठं लागलंबिगलं तर तुझे आईवडील मला धरतील. तिचा वर्ग हरला. दमलेल्या सगळ्यांना तिनं पाणी दिलं. ह्या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली, पण ती किटली अजून तिच्या हातातून सुटलेली नाही.

इस्पितळातही दर वर्षी कर्मचाऱ्यांचे खेळ होतात. पुरुषांना धावणं, गोळाफेक, रस्सीखेच. बायकांना चमचा-लिंबू, संगीत खुर्ची आणि सुईत दोरा. सकाळी आठ ते चार जी बाई ओली घोंगडी उचलते, तिनं चार वाजून पाच मिनिटांनी तोंडात चमचा धरायचा आणि लिंबू पडू नये म्हणून श्वास रोखून चालायचं. वर माइकवर हिशेब खात्यातला कारकून. "आता आपल्या नाजूक भगिनींचा खेळ. जपून हं ताई, घाई नको." आणि पुरुषांचा दोर जरा ढिला पडला, की तोच कारकून ओरडणार, "अरे, बायकांसारखं काय ओढताय?" ह्या माणसाच्या घरची गॅसची टाकी त्याची बायको दुसऱ्या मजल्यावर चढवते. हे सगळ्या इस्पितळाला माहीत. पण माइक त्याच्या हातात.

यंदा नावांची यादी लाँड्रीत आली, तेव्हा क्रेननं चमचा-लिंबूच्या पुढचं आपलं नाव खोडलं आणि रस्सीखेचीच्या खाली लिहिलं, लाँड्री, आठजणी. मग बाकीच्या सातजणींना विचारलं. आधी लिहिलं, नंतर विचारलं. तिची पद्धतच तशी. दोघी नाही म्हणणार होत्या, पण चिमटीनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्या हो म्हणाल्या.

यादी घेऊन कारकून धावतपळत मोठ्या मॅडमकडे गेला. मोठ्या मॅडम म्हणजे अख्ख्या इस्पितळाच्या प्रमुख. त्यांनी क्रेनला बोलावलं आणि चष्म्याच्या वरून बघत विचारलं, हे काय नवीन? क्रेननं जिना चढताना बरंच काही जुळवलं होतं. हक्क, बरोबरी, नर्सबाईंनी शिकवलेली दोन भारी वाक्यं. दारात पाय टाकला आणि सगळं गुल.

"मॅडम," ती म्हणाली, "आम्हाला ओढायचंय."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, ठीक आहे, एक वर्ष. पण तुमच्यातली एकही जखमी झाली किंवा मैदानावर तमाशा झाला, तर पुढच्या वर्षी परत लिंबू, आणि मग हा विषय घेऊन माझ्याकडे यायचं नाही. झालं. सत्तावीस वर्षांनी दोर हातात येत होता, आणि तोही एकाच दिवसापुरता.

संध्याकाळी बॉयलरदादा लाँड्रीच्या दारात आला. त्याच्या खोलीतले आणि स्टोअरमधले मिळून आठजणांची टोळी हिच्यासमोर उभी राहणार होती. माणूस मनानं वाईट नाही, हेही सांगायला पाहिजे. चांगल्या मनानंच म्हणाला, तुम्ही दहाजणी या, आम्ही सहा उभे राहू, आणि फार जोर लावणार नाही.

क्रेनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आठाला आठ," ती म्हणाली. "आणि वजनं बरोबरीची. आत्ता करू."

लाँड्रीत कपड्यांचे गठ्ठे तोलायचा मोठा काटा असतो, जमिनीला टेकलेला. त्यावर माणूस सहज उभा राहतो. पण बायका जागच्या हलेनात. जे वजन नवऱ्याला सांगितलं नाही, ते ह्या बॉयलरवाल्यांसमोर सांगायचं? एक म्हणाली, माझं पन्नासच लिहा. दुसरी म्हणाली, तू पन्नास तर मी हवा. शेवटी क्रेनच काट्यावर चढली, आकडा बघितला आणि बक्षिसाचं तिकीट वाचावं तसा मोठ्यानं वाचला.

"ब्याण्णव."

मग काय, एकेक जण चढायला लागली. चिमटी भरली एकेचाळीस, तीही चपलांसकट. त्यानंतर पुरुष. बॉयलरदादा छाती काढून चढला आणि भरला एकाहत्तर. त्याला वाटलं काटा बिघडलाय. उतरला, परत चढला. एकाहत्तरच. सगळी बेरीज झाल्यावर पुरुष सात किलोंनी जास्त निघाले, आणि ते सात किलो स्टोअरवाल्याच्या पोटात होते, हे कुणालाही दिसत होतं. जमलं म्हणून दोन्ही बाजूंनी हात मिळवले.

सराव म्हणाल तर त्यांना वेगळा सराव लागणारच नव्हता. चादरी मशीन पिळतं, पण जाड घोंगडी मशीनला झेपत नाहीत. ती हातानंच पिळायची. चौघी ह्या टोकाला, चौघी त्या टोकाला. घोंगड्याला पीळ देत देत मागं रेलायचं, एकदम, एका पावलानं. पाऊल चिमटी मोजणार. पाणी गळायचं थांबलं की क्रेन म्हणणार "पुरे", की आठही जणी एकदम हात सोडणार आणि घोंगडं धप्पकन खालच्या गाडीत. दिवसाला चाळीस घोंगडी. बावीस वर्षांची घोंगडी मोजायला बसलं तर आकडा पाटीवर मावायचा नाही. दोर म्हणजे काय, न गळणारं घोंगडं, असं चिमटीचं म्हणणं पडलं.

खेळाच्या दिवशी मैदानाला गर्दी झाली. डॉक्टर आले, नर्सेस आल्या, प्लॅस्टर घातलेले दोन पेशंट चाकांच्या खुर्च्यांवरून आले. क्रेननं दोराचं टोक कमरेमागून घेतलं, खांद्यावरून पुढं आणलं आणि टाचा मातीत घातल्या. तिच्यापुढं सहाजणी, आणि सगळ्यात पुढं चिमटी. कारकून माइकवर म्हणाला, "भगिनींनो, हौस म्हणून खेळा, मनाला लावून घेऊ नका." तीन खेचींपैकी दोन जिंकायच्या होत्या.

शिट्टी झाली. पहिली खेच तर बघण्यासारखीच झाली. पुरुष आठ दिशांना आठ जोर लावत होते. कुणी हिसका देतोय, कुणी बसतोय, कुणी आईची आठवण काढतोय. इकडं चिमटी मोजत होती आणि आठ पावलं एका पावलासारखी मागं पडत होती. दोराच्या मधलं लाल फडकं सरकत सरकत रेषेपासून हातभर उरलं. क्रेनला हातात ती ओळखीची ढील जाणवली, पीळ पुरा झाल्यावर येते तशी. आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"पुरे."

जित्याची खोड. आठही जणींनी हात सोडले.

समोर आठ पुरुष धाडकन उताणे, एकावर एक, घडी न घातलेल्या चादरींसारखे. मैदान हसून हसून आडवं झालं. पण दोर सोडला तो हरला, हा नियम. पहिली खेच गेली. कारकुनाला तर काय, आयतंच मिळालं. "बघा, भगिनींना दया आली."

क्रेनचं तोंड पांढरं पडलं. तिनं मॅडमच्या खुर्चीकडं बघितलं. मॅडम हसत नव्हत्या. तमाशा झाला तर लिंबू, असं ठरलं होतं, आणि तमाशा तिच्याच तोंडानं केला होता. बाकीच्या सातजणी आपापल्या तळहातांकडं बघत होत्या, ते तर आणखी वाईट. शेवटी चिमटी आली, ॲप्रनच्या खिशातून हातरुमाल काढला, त्याची घडी केली आणि म्हणाली, "वहिनी, आ करा."

रुमाल दातात धरून क्रेन दुसऱ्या खेचीला उभी राहिली. सगळा राग टाचांमध्ये उतरला होता. चिमटी मोजत गेली, आणि ह्या वेळी फडकं रेषेच्या पार गेलं, आणखी दोन पावलं गेलं, तरी कुणी दोर सोडेना. पंचांनी येऊन एकेकीच्या हाताला हात लावून सांगितलं की झालं आता, जिंकलात. कारकुनानं माइक बंद केला.

तिसऱ्या खेचीत दोर मधोमध अडकून बसला. इकडंही नाही, तिकडंही नाही. दोन मिनिटं झाली. स्टोअरवाल्याचा चेहरा जांभळा झाला. बॉयलरदादा शेवटच्या टोकाला होता, तिथून त्याला समोरच्या आठजणींचे पाय स्वच्छ दिसत होते. एकदम पडणारे, एकदम उचलणारे. त्याची धाप लागली होती, तरी तो आपल्या माणसांवर खच्चून खेकसला.

"एकेकटे काय मरताय? त्या बायकांसारखं ओढा रे."

ऐकलं सगळ्यांनी. माइकशिवाय ऐकू गेलं. पुरुषांनी चिमटीच्याच मोजणीवर पाऊल धरलं, तिनं एक म्हटलं की तेही मागं, दोन म्हटलं की तेही मागं. आता जोर सारखा आणि पावलंही सारखी, वर ते सात किलो. चिमटी मोजणी बदलायला गेली आणि तिचाच डावा पाय उशिरा पडला. तेवढ्यानं झालं. दोर हळूहळू, अगदी हळूहळू गेला. क्रेनच्या टाचांनी मातीत दोन लांब चर पाडले, पण तिनं शेवटपर्यंत हात सोडला नाही.

कारकुनाला परत वाचा फुटली. "भगिनी हरल्या, पण त्यांनी आपल्या सगळ्यांची मनं जिंकली..." क्रेन तशीच, गुडघ्याला माती, दातात रुमाल, चालत त्याच्यासमोर गेली. रुमाल काढला.

"मनं राहू द्या," ती म्हणाली. "लाँड्री हरली म्हणा. पुरुषांना म्हणाला असता तसं."

कारकुनानं इकडंतिकडं बघितलं. मदतीला कुणी आलं नाही. त्यानं माइक तोंडाशी धरला आणि म्हणाला, "लाँड्री हरली."

टाळ्या पडल्या. कुणासाठी ते सांगता यायचं नाही. मोठ्या मॅडम खुर्चीतून उठल्या आणि कुणाला लागलं का म्हणून विचारलं. स्टोअरवाल्याची कंबर धरली होती, त्याला दोघांनी उचलून आत नेलं होतं. लाँड्रीतल्या एकीच्याही अंगावर ओरखडा नव्हता. मॅडम कारकुनाला म्हणाल्या, पुढच्या वर्षीच्या यादीत बायकांच्या पानावर दोर लिहा. आणि तमाशा? त्यावर त्या म्हणाल्या, तमाशा झाला खरा, पण उताण्या पडलेल्यांचा झाला.

एवढं मिळूनही क्रेन घरी आली ती तोंड पाडून. तिचा नवरा बेकरीत पीठ मळतो, गरीब माणूस. त्याला चिमटीनं वाटेतच सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, अगं, एवढं काय, छान खेळलात की. बायकांनी एवढं केलं म्हणजे...

तिनं नुसतं बघितलं. त्यानं वाक्य तिथंच टाकलं. बावीस वर्षांच्या संसारात तेवढं कळतं माणसाला.

"छान काय," ती म्हणाली. "हरलो. तुमच्या बहिणीचा डावा पाय उशिरा पडला, आणि मी रुमालामुळं ओरडू शकले नाही. पुढच्या वर्षी पुढं कुणाला उभं करायचं ते बघायला लागेल."

"चिमटीला काढणार?"

"काढीन की. पाय सुधारला नाही तर काढीन."

मग तिनं पलंगावरची चादर ओढली, तिचं एक टोक नवऱ्याच्या हातात दिलं आणि टेबल भिंतीला सरकवलं. त्याचा चहा तसाच राहिला.

"धरा नीट. डावा पाय पुढं. असा नाही, टाच आत. आता मी एक म्हटलं की मागं."

तो म्हणाला, आणि मी पडलो तर?

"पडाल," ती म्हणाली, आणि मोजायला लागली.