सहाव्या बोटाचा दोरा

या पानावर येणारे अनुभव माझी नात मला वाचून दाखवते. रिकामा बंगला, पांढरी साडी, घाटात गाडीला हात दाखवणारी बाई... मी म्हणते, पुढचं वाच नाहीतर बंद कर. अंगात आलेल्या एका बाईच्या तोंडावर मी तांब्याभर गार पाणी मारलंय. ती लगेच शुद्धीवर आली आणि मला शिव्या देत घरी गेली. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही ठेवायची इच्छा नाही. तरी लिहितेय, कारण राग जात नाही. चौथीपर्यंत शिकलेय, लिहिता येतं. टाईप तेवढं नातीनं केलंय.

मी बाळ-बाळंतिणींना तेल लावते, न्हाऊ घालते. चाळीसच्या वर वर्षं झाली. हडपसरला गाडीतळाजवळ राहते. आता वयामुळे एका वेळी एकच घर घेते.

या कामात माणसाचं अंग जसं दिसतं तसं डॉक्टरलाही दिसत नसेल. जन्मतः दात असलेली पोरं पाहिली. एक डोळा काळा, एक घारा असलेली मुलगी पाहिली. पाठीवर माकडासारखी लव असलेला मुलगा पाहिला, तो आता बँकेत मॅनेजर आहे. पोरं सगळी धडधाकट असायची. डोकी फिरायची ती घरच्यांची. दातवाल्या बाळाचं तोंड मामानं महिनाभर पाहिलं नाही, म्हणे मामावर संकट येतं. पदवीधर मामा! अशा वेळी मी तोंड मिटून तेल लावत राहायचे, कारण आपण कामाला आलेली बाई. या मिटलेल्या तोंडाचीच ही गोष्ट आहे.

मागच्या हिवाळ्यात कोथरूडला काम मिळालं. कर्वे पुतळ्याच्या मागच्या बाजूला सोसायटी, तिसरा मजला. मी सकाळी गाडीतळावरून बस धरायचे, स्वारगेटला बदलायचे, नऊला तिथे पोचायचे. बाळंतीण मधुरा, वय बत्तीस, नाशिकची, कंपनीत कामाला. तिची आई बारशाला येणार होती, तोवर घरात नवरा आणि सासू. नवरा कानात बोंडं घालून लॅपटॉपशी बोलायचा. सासू सुलभाताई, शाळेतून रिटायर झालेल्या, गणिताच्या.

पहिल्या दिवशी मधुराला चटईवर झोपवून छातीला तेल लावायला घेतलं. मी डाव्या बाजूला हात हलका ठेवते, सवय आहे. हाताला काही लागेना. ठोके उजवीकडे होते... स्पष्ट, दणदणीत.

माझा हात थांबला तशी ती हसून म्हणाली, "मावशी, माझं हार्ट उजवीकडे आहे. घाबरू नका. शाळेच्या तपासणीत कळलं. काही त्रास नाही."

घाबरले नव्हते. असं अंग मी आयुष्यात एकदाच हाताळलं होतं. मग तिचा डावा हात घेतला. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला तांदळाएवढा व्रण. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "तिथे सहावं बोट होतं. वर्षाची असताना काढलं. बाळाला पण आहे, बघितलंत ना?"

बघितलं होतं. बाळाच्या डाव्या हाताला करंगळीशेजारी सहावं बोट. नखासकट, छोटं, गोंडस.

आता मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मधुरा जन्मली असेल त्याच सुमाराची गोष्ट. तेव्हा हडपसरात उसाचे मळे होते. एका मळ्यातल्या घरी मुलगी झाली. डाव्या हाताला सहा बोटं. आणि काळीज उजवीकडे... हे फक्त मला कळलं होतं, तेल लावताना. घरच्या म्हातारीनं फर्मान काढलं, "पोरीच्या जातीला सहावं बोट म्हंजी घराला खोट हाय. दोरा बांध." मुलगा असता तर पेढे वाटले असते त्याच घरानं.

जास्तीच्या बोटाला मुळाशी दोरा आवळून बांधायचा, बोट वाळून आठवड्यात गळून पडतं, अशी रीत होती. मीही तीन-चार पोरांची बांधली होती. पण ती बोटं नुसत्या कातडीला लोंबणारी होती. या बोटात हाड होतं. चिमटीत धरलं तेव्हाच समजलं होतं. तरी चौथ्या दिवशी बांधला. कारण म्हातारी डोक्यावर उभी होती आणि मला काम टिकवायचं होतं. सातव्या दिवशी मनगटापर्यंत लाल झालं. मी म्हटलं दवाखान्यात न्या. म्हणाले, बघू. नवव्या दिवशी सकाळी पोर गेली. अजून नावही ठेवलं नव्हतं. सगळे म्हणाले, तापानं गेली. मीही तेच म्हणाले.

परत कोथरूडला येते. बाळ चार दिवसांचं होतं तेव्हा सुलभाताईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"मावशी, ते दोरा बांधायचं तुम्ही करता म्हणे. आमच्या शेजारणीनं सांगितलं."

"आता नाही करत."

"का? हात थरथरतात?"

"हात ठीक आहेत. डॉक्टर कशाला आहेत?"

"डॉक्टर म्हणतात, वर्षाची होऊ दे, मग बघू. वर्षभर मी लोकांना काय सांगू? बारशाला हॉल घेतलाय. व्हिडिओवाला येणारे. सगळ्यांच्या नजरा त्या हातावर!"

"सांगा, एक जास्त आहे. कमी नाही ना?"

"विनोद छान करता हो. मुलगा असता तर मी एक शब्द बोलले नसते."

"अहो ताई, तुम्ही गणित शिकवत होतात ना?"

"पस्तीस वर्षं."

"मग पाचाच्या पुढे सहा येतात, हे मुलींना शिकवलंत की फक्त मुलांना?"

बाईंचा चेहरा आंबट झाला. "आपण आपलं तेल लावा," म्हणाल्या आणि मिक्सर सुरू केला. म्हणजे संभाषण संपलं.

खरं तर तेव्हाच मधुरासमोर आणि तिच्या नवऱ्यासमोर सगळं सांगायला हवं होतं... असाच दोरा मी बांधला होता, आणि पोर मेली. नाही सांगितलं. 'नाही करत' एवढं बोलून स्वतःला मोठी शहाणी समजले. नुसतं नाही म्हणून काय होतं? नाही म्हणणाऱ्याला बाजूला सारून लोक स्वतः करतात.

तीन दिवसांनी, म्हणजे बाळाचा सातवा दिवस. सकाळचे साडेनऊ, खिडकीतून लख्ख ऊन. आत सुलभाताईंच्या खोलीत बाळ रडत होतं. मी म्हटलं, काय झालं? आतून उत्तर आलं, "गॅसेस आहेत. तुम्ही आधी मधुराचं उरका." मधुरा म्हणाली की रात्रभर बाळ झोपलं नाही, म्हणून आई घेऊन बसल्यात. सासूला ती आई म्हणायची. स्वतः तिचे डोळे मिटत होते. चटईवर पडली आणि तेलाचा हात लागायच्या आत झोपली. बाळंतिणी झोपतात, त्यात विशेष नाही.

पाय झाले, पोट झालं. छातीवर हात ठेवला. उजवीकडचे ठोके एकदम भराभर पडायला लागले. धावत आलेल्या लहान पोराचे पडतात तसे. आणि डोळे मिटलेलेच ठेवून ती बोलली.

"मावशे, लई ठणकतंय. सोड की."

मधुरा मला अहो-जाहो करायची. निम्मं बोलणं इंग्रजीत. तिच्या तोंडी ही भाषा... हा आमच्या मळ्यांतला आवाज. मी म्हटलं, "मधुरा? काय दुखतंय?"

"मी मेल्यावर सोडलास. कालव्यात टाकलास. आता हिचा तरी सोड."

हे वाक्य मी इथे जसंच्या तसं लिहिलंय. एक अक्षर जास्त नाही.

मळ्यातली ती पोर गेल्यावर पुरायला न्यायच्या आधी तिला आंघोळ मीच घातली होती. न्हाणीचं दार आतून लावून घेतलं होतं. बोट गळून पडलं नव्हतं, काळं पडून तिथेच होतं. दोरा कुणाला दिसू नये म्हणून मी तो दातांनी तोडला आणि कनवटीला लावला. घरी जाताना पुलावरून कालव्यात टाकला. पुलावर कुणी नव्हतं. नवऱ्याला सांगितलं नाही, देवापुढे बोलले नाही. तीस-बत्तीस वर्षांत कुणालाही नाही.

लोक लिहितात, अंगावर काटा आला, हातपाय गार पडले. माझं तसं काही झालं नाही. मला संताप आला. स्वतःचा, त्या म्हातारीचा, आणि आत बाळाला 'गॅसेस, गॅसेस' म्हणून जोजवणाऱ्या त्या गणिताच्या बाईचा.

तेलाचे हात तसेच घेऊन आत गेले. बाळाच्या दोन्ही हातांना मोजे घातले होते. डावा मोजा ओढला. सहाव्या बोटाच्या मुळाशी काळा दोरा, तीन वेढे. बोट जांभळं.

"कधी बांधलात?"

"काल संध्याकाळी. मोबाईलवर बघून बांधलाय, नीट. अहो, हात लावू नका! आठ दिवसांत पडतं ते—"

"आठ दिवसांत पोर पडते! कात्री कुठाय?"

"आवाज खाली. ही सोसायटी आहे."

"तुमच्या सोसायटीला घाला चुलीत! कात्री द्या, नाहीतर दातांनी तोडते."

कात्री मिळाली. हात अजिबात थरथरला नाही. दोरा सुटला तसं बाळ आधी जास्तच ओरडलं. मी त्याला पोटाशी धरलं, पदर खोचला आणि जिना उतरले. लिफ्टची वाट कोण बघणार? समोरच्या गल्लीत बाळांचे डॉक्टर होते. नवरा कानातली बोंडं काढून मागून धावत आला, एका पायात त्याची चप्पल, एका पायात बायकोची. मी रस्त्यातच त्याला म्हटलं, "बाबा, तुझ्या घरात काय चाललंय ते कधी ऐकतोस का?"

डॉक्टर म्हणाले, आतमध्ये हाड आहे, संध्याकाळपर्यंत राहिलं असतं तर अवघड होतं. औषध दिलं. बोटाला रंग यायला दोन तास लागले. ते दोन तास मी बाकावरून उठले नाही.

परत गेलो तेव्हा मधुरा जागी होती. दोऱ्याचं ऐकून सासूवर जी काय ओरडली, ती शुद्ध कोथरुडी आणि इंग्रजीत. झोपेत काय बोललीस म्हणून मी विचारलं. तिला काही आठवत नव्हतं. मोज्यांबद्दल म्हणाली, "आई म्हणाल्या, थंडी आहे म्हणून घातलेत." हडपसरला एकदाच गेली होती, मैत्रिणीच्या लग्नाला. कालवा कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं.

सुलभाताईंनी मला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका सांगितलं. मधुरानं त्यांच्यासमोरच सांगितलं, मावशी येतील, तुम्हाला नको असेल तर तुम्ही बाल्कनीत बसा. मी चाळीस दिवस पूर्ण केले. सुलभाताई बाल्कनीत बसल्या.

बारशाला मधुराची आई आली. मी तिला सरळ विचारलं, "ही तुमच्याच पोटची ना?"

"हा काय प्रश्न झाला, मावशी?" भडकलीच ती. मग हॉस्पिटल, टाके, किती तास कळा दिल्या, सगळं ऐकवलं. जन्म नाशिकचा. फोटोही दाखवले, सहा बोटांची मूठ तोंडात घातलेली. बोट नाशिकलाच भूल देऊन काढलेलं. हडपसरशी या माणसांचा काडीचा संबंध नाही.

नात म्हणते, आजी, दमलेली बाई झोपेत काहीही बरळते, तुझ्या मनात होतं ते तू ऐकलंस. असेलही. पण मोज्याच्या आत दोरा आहे हे माझ्या मनात कुठून येईल? मधुराला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. आणि कालवा? डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले बीपी तपासून घ्या. तपासलं. बरोबर आहे.

बाळाचं बोट काढायचं की नाही हे ती मोठी झाल्यावर ठरवेल, असं मधुरा म्हणते. सध्या त्या हातानं सुलभाताईंचे केस ओढते म्हणे. जोरात ओढ म्हणावं.

मी नंतर त्या मळ्याच्या जागी जाऊन आले. तिथे आता उंच इमारती आहेत, गेटवर वॉचमन. त्या घराचं नाव सांगितलं, कुणाला पत्ता लागला नाही. म्हातारी तर केव्हाच गेली असणार. मला भेटायचं होतं ते त्या पोरीच्या आईला. त्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली होती, चोळी दुधानं भिजलेली, आणि माझ्याकडे बघत होती. काही विचारलं नाही तिनं. विचारलं असतं तरी मी खोटंच बोलले असते.

कोथरूडच्या त्या चटईवर कोण बोललं, मला सांगता येत नाही. शोधून थकले. पण नऊ दिवसांच्या पोरीवर बोलायची वेळ यावी, इतकी वर्षं मी गप्प बसले, हे मला कळतंय. त्याला भुताची गरज नाही.

बाई, तू कुठे असशील ते मला माहीत नाही. कुणी वाचून दाखवलं तर ऐक. तुझ्या मुलीला ताप आपोआप आला नव्हता. मी दोरा बांधला होता. तुझं दूध, तुझी नजर, तुझं नशीब... तुझं काही चुकलं नव्हतं.