बर्फाच्या बुटांना लावलेली धार

दिवाकर सरळ निघाला आणि सरळच जात राहिला. त्याने पाय वळवले, कंबर वळवली, हातातली हॉकी स्टिकसुद्धा वळवली. पायातले बूट काही वळले नाहीत. चाळीस फूट पांढरं प्लास्टिक संपलं आणि तो भिंतीला लावलेल्या रिकाम्या बारदानाच्या थप्पीत खांद्यापर्यंत घुसला. मी बाजूला चिंधीने हात पुसत उभा होतो. सकाळीच त्या बुटांना मी स्वतः धार लावली होती. ती किती सुंदर लागली आहे हे बघायला शेठजींनाही बोलावून आणलं होतं.

"फिटर," शेठजी म्हणाले, "याले ब्रेक नाई का?"

"कालपर्यंत होते," दिवाकर बारदानातून म्हणाला.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सिंदी रेल्वे नावाच्या गावातल्या एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत मी हेड फिटर होतो. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणं, आणि प्रेसिंग म्हणजे ती रुई दाबून तिच्या गाठी बांधणं. एक गाठ दीडशे किलोच्या वर भरते. ती प्रेसपासून गोडाऊनपर्यंत ढकलताना हमालांच्या कमरेचे हाल व्हायचे. म्हणून शेठजींनी मुंबईहून जाड, गुळगुळीत, पांढऱ्या प्लास्टिकच्या शीट मागवल्या आणि त्या वाटेवर ठोकून घेतल्या. बारा फूट रुंद आणि चाळीस फूट लांब. त्यावरून गाठ दोन माणसांच्या धक्क्याने सरकायची.

दिवाकर माझा धाकटा साळा. गिरडकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा, फौजेत गेलेला. त्याची पलटण उत्तरेला फार उंचावर होती. तिथे हिवाळ्यात तलाव गोठतो आणि त्या बर्फावर जवान हॉकी खेळतात. पायात बूट असतात आणि बुटाच्या तळाला टाचेपासून बोटांपर्यंत पोलादाची उभी पत्ती. तिच्यावर तोल सांभाळत पळायचं. आमच्या सासऱ्यांना हे काही केल्या पटत नव्हतं. "पोरगा देशाचं रक्षन करून राह्यला का घसरगुंडी खेळून राह्यला?" असं ते येईल त्याला विचारायचे.

मागच्या हिवाळ्यात दिवाकर टीममध्ये होता. पळायचा वाऱ्यासारखा, पण थांबायचा दुसऱ्याच्या अंगावर. पलटणीत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. त्याचे उस्ताद एक जुने सुभेदार होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की सुटीवरून आलास की पुन्हा निवड होईल; जागच्या जागी थांबता आलं तर टीममध्ये, नाही तर बूट जमा करायचे. टीमकडे अशा परदेशी बुटांचे मोजकेच जोड होते. त्यातला एक उस्तादांनी स्वतःच्या सहीवर त्याला घरी नेऊ दिला होता. रोज तासभर ते घालून नुसता उभा राहा, घोटे बळकट होतील, एवढ्याचसाठी. आमच्याकडे वर्धा जिल्ह्यात बर्फ मिळतो तो उसाच्या रसात, त्यामुळे जास्त अपेक्षा उस्तादांचीही नव्हती.

ऑक्टोबर होता. सीझन दिवाळीनंतर सुरू व्हायचा. गोडाऊन रिकामं होतं आणि फॅक्टरीत मशिनी उघडून साफसफाई-दुरुस्ती चालली होती, तिला आम्ही ओव्हरहॉलिंग म्हणतो. दिवाकर मला भेटायला आला, प्लास्टिकवरून तळहात फिरवला आणि तिथेच उकिडवा बसला.

"भाऊजी, हे तं आमचं तळंच आहे."

"मंग खेळ इथंच," मी म्हणालो. मी गंमत करत होतो. दुसऱ्या दिवशी तो ट्रंकेतून बूट घेऊन हजर.

शेठजींची परवानगी काढली. त्यांना आधी वाटलं मी ओव्हरहॉलिंगची सुटी मागतो आहे. मग सगळं ऐकून म्हणाले, "इथं कुलर गरम हवा फेकते, अन् तुमी बर्फाचा खेल खेलता? खेला. फक्त माझ्या शीटा तोडू नका."

नुसत्या प्लास्टिकवर पत्ती अडखळत होती. साबणाचं पाणी लावून पाहिलं, ते वाळून पांढरं फटक पडलं. मग मेडिकलमधून ग्लिसरीन आणलं, पाण्यात मिसळून पोछा मारला. जमलं. तरी बर्फापेक्षा हे जड जायचं. एका फेरीत दिवाकर घामाने निथळायचा. खेळायला चेंडूऐवजी रबराची जाड चकती लागते. ती मी मशीनच्या जुन्या रबरी पट्ट्याच्या तुकड्यातून कापून दिली. दहा-बारा दिवसांत गडी थांबायला शिकला. जोरात यायचा, दोन्ही पाय एकदम आडवे करायचा, प्लास्टिकचा पांढरा कीस उडायचा आणि हा जागेवर उभा. तो स्वतःच प्रत्येक वेळी खाली पायांकडे बघून हसायचा.

पण प्लास्टिक धार खातं. बारा दिवसांत पत्त्या बोथट झाल्या. "भाऊजी, धार लावून देजा," एवढं म्हणून दिवाकर एका दिवसासाठी आईला भेटायला गावी गेला. आणि मी बूट हातात घेतले.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. जिनिंगच्या मशीनमध्ये चामड्याचा एक लांब रोलर फिरतो आणि त्याला खेटून पोलादाची सुरी बसवलेली असते. रोलर रुई ओढून नेतो, सुरी सरकीला अडवते. त्या सुरीची कड सुतासारखी सरळ पाहिजे. तिच्यात कुठे खाच पडली किंवा ती वाकली, की सरकी फुटून रुईत जाते आणि व्यापारी माल परत करतो. वीस वर्षं मी एकच काम शिकलो होतो: वाकलेली सुरी सरळ करणं आणि पडलेली खाच काढणं.

दिवाकरच्या बुटाची पत्ती मी उलटी करून पाहिली. तळाला मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत खोलगट नाली पडलेली. वर स्टीलची पट्टी धरली, तर दोन्ही टोकं उचललेली, पत्ती केळ्यासारखी वाकलेली. मला त्या पोराची कीव आली. असल्या खराब झालेल्या पत्तीवर हा बिचारा पळतो आहे, आणि पलटणीत एकालाही धड धार लावता येत नाही. मी दुसऱ्या दिवशी पहाटेच फॅक्टरीत गेलो. सुऱ्यांच्या ग्राइंडिंग मशीनवर दोन्ही बूट बांधले आणि नाली जाईपर्यंत, टोकं बसेपर्यंत घासले. मग निळा रंग लावून तपासलं. सपाट लोखंडी पाट्याला तो रंग फासतात आणि त्यावर वस्तू टेकवतात. जिथे निळं उमटेल तिथेच ती टेकते. पत्ती या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी झाली. इतकं चोख काम मी त्या वर्षात दुसरं केलं नव्हतं. दिवाकर गावाहून थेट गोडाऊनमध्ये आला, मी ऐटीत बूट त्याच्या हातात दिले आणि त्याने ते न पाहताच पायात चढवले.

बारदानातून बाहेर आल्यावर त्याने बूट काढला आणि पत्तीवर अंगठा फिरवला. चेहरा उतरला.

"भाऊजी, नाली कुठं गेली?"

"काढली ना."

"काऊन?"

"घासून पडली होती म्हनून."

"घासून नाई पडली." तो हळू आवाजात बोलत होता, तेच मला जास्त लागलं. "ते तं बनवतानाच पाडतात. नालीनं दोन कडा होतात. पाय तिरपा केला का एक कड बर्फात रुतते, म्हनून वळता येते, थांबता येते. अन् पत्तीची मधली दोन बोटं जागाच टेकली पाह्यजे, टोकं वरच असतात. आता हे पाटच झाले."

म्हणजे त्या पत्तीतलं जे जे कामाचं होतं, नेमकं तेच मी शोधून शोधून घासून टाकलं होतं. दिवाकरची टीममधली जागा गेलीच होती, वर त्या उस्तादांची सही माझ्यामुळे अडचणीत येणार होती. असे बूट आपल्याकडे कुठे विकत मिळतील, असं विचारायचीही सोय नव्हती. सुटीचे दिवस दहा उरले होते.

"मंग पाड ना नाली परत," शेठजी म्हणाले.

"शेठजी, ते काय..."

"अरे, दर ओव्हरहॉलिंगले तू माह्या रोलरले नाल्याच पाडतं का दुसरं काई करतं?"

हे खरं होतं. चामड्याच्या रोलरवर रुई धरायला नाल्या पाडाव्या लागतात आणि ते काम माझंच. चामड्याऐवजी पोलाद, एवढाच फरक. पत्तीही अजून बोटभर उंच शिल्लक होती. मी वही-पेन्सिल घेऊन दिवाकरसमोर बसलो आणि जे आदल्या दिवशीच विचारायला हवं होतं ते विचारायला सुरुवात केली.

"नाली किती खोल?"

"खोली नाई माहीत. उस्ताद अठन्नी उभी टाकून पाह्यतात. तिची गोलाई नालीत पुरी बसली पाह्यजे."

"अन् टोकं किती वर?"

"ते तं पायालेच समजते."

अठन्नी खिशात होती. टोकांचं माप मात्र पायालाच विचारावं लागलं. गोडाऊनच्या फरशीवर खिळा ठोकला, त्याला सहा फूट दोरी बांधली आणि दुसऱ्या टोकाला खडू धरून गोल काढला. त्या गोलाच्या तुकड्यावर पत्र्याचा नमुना कापला आणि पत्ती त्या नमुन्याप्रमाणे घासली. दिवाकर उभा राहिला तर होडीत उभा असल्यासारखा पुढे-मागे डुलायला लागला. दोरी वाढवली. आठ फुटांवर डुलणं कमी झालं, नऊ फुटांवर थांबलं. पुन्हा निळा रंग लावला. आयुष्यभर मी सगळी पट्टी निळी व्हावी म्हणून झटलो, त्या दिवशी फक्त मधली दोन बोटं जागा निळी झाली आणि मला हायसं वाटलं.

मग नाली. ग्राइंडिंगच्या दगडाची कड हिऱ्याच्या कणीने अठन्नीच्या गोलाईत तासली. बूट उलटा करून मशीनवर बांधला आणि दगड हलक्या हाताने पुढे-मागे नेला. घाई करून चालत नाही. पोलाद तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं, म्हणजे त्याची धार टिकत नाही. दोन फेऱ्या मारायच्या, ओलं फडकं लावायचं, थांबायचं. दोन्ही कडा सारख्या उंचीच्या हव्यात, नाही तर एक पाय रुतणार आणि दुसरा पळणार. ते सुताराच्या गुण्याने, म्हणजे काटकोनाने, तपासलं. चार दिवस गेले. रोलर तसेच पडून होते, तरी शेठजी रोज येऊन खुर्ची टाकून बसायचे आणि अठन्नी नालीत घालून बघायचे.

पाचव्या दिवशी दुपारी दिवाकरने बूट चढवले. माझी बायको शांता डबा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली. तिला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. भावाचे बूट मी बिघडवले हे घरी कळलं असतं तर डबाही आला नसता. शेठजींनी खुर्ची थप्पीपासून दूर सरकवून घेतली. दिवाकर निघाला. पहिल्या दहा फुटांतच त्याने वेग घेतला, बारदानाची थप्पी जवळ आली आणि मी डोळे मिटले.

खर्र असा एक आवाज आला. डोळे उघडले तर तो थप्पीच्या दोन हात अलीकडे आडवा उभा होता आणि पांढरा कीस शेठजींच्या धोतरावर पडला होता.

मी मशीनच्या पेटीवर बसून घेतलं. इतकं हलकं मला मुलीच्या लग्नाची पंगत उठल्यावरच वाटलं असेल. दिवाकर परत फिरला, पुन्हा पळाला, पुन्हा थांबला, मग उलटा फिरून पाठीकडे पळत आला.

"भाऊजी, पहिल्यापेक्षा चांगली पकडते."

"खोटं बोलू नको."

"उस्तादाची आन."

शांता म्हणाली, "आता जेवा. काय एवढं झालं ते जेवताना सांगा." सांगावं लागलं. पुढे आठवडाभर भाजीत मीठ जरा जास्तच पडत होतं.

उरलेले दिवस दिवाकर सकाळ-संध्याकाळ पळाला. निघताना त्याने मला वाकून नमस्कार केला, तेव्हा मला थोडी लाज वाटली. सीझन सुरू झाला आणि मी सुऱ्या-रोलरांत बुडालो, पण रोज पोस्टमन दिसला की हातातलं काम टाकून दारापर्यंत जायचो. अखेर महिन्याभराने पत्र आलं. तो टीममध्ये होता. उस्तादांनी अठन्नी घालून पत्ती तपासली, ही धार कोणी लावली म्हणून विचारलं, आणि उरलेले जोडही सिंदीला पाठवता येतील का, असं पुढे विचारलं होतं. दिवाकरने लिहिलं होतं, "आमच्या भाऊजीने नीट केली, असे सांगितले. बिघडवली कोणी, ते त्यांनी विचारले नाही व मी पण सांगितले नाही."

ते जोड पुढे तीन वर्षं धार लावायला पार्सलने माझ्याकडे येत राहिले. प्रत्येक वेळी बूट उघडले की आधी पत्तीचा आकार जसाच्या तसा कागदावर काढायचो, मगच मशीन सुरू करायचो. नवीन फिटर हाताखाली आला की मी त्याला पहिल्या दिवशी एकच सांगायचो: एखादी वस्तू वाकडी दिसली तर ती सरळ करायच्या आधी, ती वाकडी कोणी आणि कशासाठी केली हे तिच्या मालकाला विचार. न विचारता नुसतं बघून ठरवलंस, तर तूही माझ्यासारखाच हुशार निघशील.