धुक्याची शाल

माझे बाबा कापूस पारखायचे. अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, गाडी आत आली की पहिला हात त्यांचा. ढिगातून चिमूटभर कापूस उचलायचा, दोन्ही अंगठ्यांनी ओढायचा, धागा नखावर धरून पाहायचा आणि प्रत सांगायची. समोर शेतकरी असो की व्यापारी, त्यावर फारशी हुज्जत होत नसे. यामुळे बाबांच्या अंगात थोडी गुर्मी होती, हे कबूल करायला हवं. ते भाजीवाल्याच्या वांग्यांनाही प्रत लावायचे आणि आई ओशाळून पुढे निघून जायची.

दिवस वाईट होते. वऱ्हाडातल्या गावांची नावं रोज पेपरात यायची आणि ती कशासाठी आली हे वाचण्याआधीच कळायचं. जिनिंगसमोरची गाड्यांची रांग एका हंगामात अर्ध्यावर आली. पुढच्या वर्षी गेट उघडायलाच दिवाळी उलटली, आणि त्यानंतर मालकाने मशीनं विकून टाकली. बाबा जुन्या शहरातल्या आमच्या दोन खोल्यांत येऊन बसले. पन्नाशीतला धडधाकट माणूस. रोज सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि कुठेच जायचे नाहीत. आईच्या शिलाईवर आणि माझ्या शिकवण्यांवर घर चालायचं. त्याबद्दल आमच्यात कोणी बोलत नसे.

मी तेव्हा कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला होते. त्यासाठी घरात एक जुना कॉम्प्युटर आणला होता आणि अभ्यासाच्या नावाखाली मी त्यावर एक ऑनलाइन गेम खेळायचे. त्यात जादू, राक्षस, किल्ले असं सगळं होतं, आणि देशभरातले लोक एकाच वेळी खेळत असायचे. मला लढाईत रस नव्हता. राक्षस मेला की कधीतरी त्याच्याजवळून एखादी दुर्मीळ वस्तू पडायची. अशा वस्तू जमवायच्या आणि गेममधल्या बाजारचौकात दुसऱ्यांशी अदलाबदल करायची, हा माझा नाद होता. दुपारचं लोडशेडिंग संपून लाइन आली की मी बसलेच.

"हे काय वं? दिवसभर भुतं मारून राहिली," बाबा म्हणायचे. पण हळूहळू त्यांची खुर्ची माझ्या खुर्चीमागे सरकू लागली. एकदा माझ्याजवळ एकसारख्या दोन तलवारी होत्या. त्यातली एक मी कुणाला तरी देणार, एवढ्यात मागून आवाज आला, "ते नको देऊ. ते बरी आहे."

"बाबा, दोन्ही एकच आहेत."

"एक कशा राहतीन? हिची कड पाह्य. अन् तिची पाह्य."

मी पाहिलं. एका पात्याच्या कडेला इवलीशी निळसर झाक होती. गेममध्ये तिचा अर्थ उत्तम घडणीची तलवार असा होता, हे मला नंतर शोधल्यावर कळलं. मी दोन वर्षं खेळत होते आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

दोन महिन्यांत खुर्ची त्यांची झाली आणि मी पलंगाच्या काठावर आले. माउस कसा धरायचा इथपासून मीच शिकवलं. इंग्रजी अक्षरांतलं हिंदी मी वाचून दाखवायचे, त्यांचं उत्तर मी टाइप करायचे आणि माउस त्यांच्या हातात असायचा. लोक त्यांना अंकल म्हणू लागले. इंदूरचा कोणी, सोलापूरचा कोणी, आपली ढाल नाहीतर अंगठी बाबांच्या हाती ठेवायचा आणि विचारायचा, अंकल, कैसी है? बाबा ती फिरवून फिरवून बघायचे, प्रत सांगायचे आणि जशीच्या तशी परत करायचे. एकालाही कधी भीती वाटली नाही की हा माणूस वस्तू घेऊन पळेल. बाबांना तर यात विचार करण्यासारखं काही आहे असंच वाटत नव्हतं. जिनिंगमध्ये हेच चालायचं. हातात घेतल्याशिवाय मालाचा भाव कोण सांगणार?

त्या दिवसांत मी बाबांना खुर्ची सोडा म्हटलं तेव्हा आई म्हणाली होती, "यायले कावून टोकून राहिली? हासून राहिले ना ते." बरोबर होतं तिचं. बाबा जेवणात मीठ कमी आहे असं पुन्हा म्हणू लागले होते. मला मनातून आनंद व्हायचा आणि तेवढाच रागही यायचा, कारण माझी एकुलती एक मौज त्यांनी घेतली होती.

मग शाल मिळाली. बर्फाच्या डोंगरावरच्या एका म्हाताऱ्या राक्षसिणीजवळून ती पडायची, आणि ती प्रत्यक्ष पाहिलेला माणूस आमच्या ओळखीत नव्हता. बाबा दीड महिना रोज त्या डोंगरावर जात होते. पडली तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. करडी, अर्धपारदर्शक, काठाशी विरत गेलेली. तिचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. बाबांनी तिला धुक्याची शाल म्हटलं आणि आमच्या घरात तेच नाव राहिलं. त्यांनी आईला शिलाईवरून उठवून ती दाखवली. शेजारच्या काकांनाही बोलावलं. काकांना काय दिसलं कोण जाणे, पण ते "वा, वा" म्हणाले.

चार दिवसांनी एकाचा निरोप आला. शालीच्या बदल्यात पांढरा घोडा आणि दोन अंगठ्या देतो म्हणाला. असा घोडा गेममध्ये मोजक्याच लोकांकडे होता. बाबांनी लगेच काकांना हाक मारली, सौदा पाहायला. मी म्हटलं, "बाबा, मी बोलते त्याच्यासंग. अदलाबदलीचं मले मालूम आहे." ते खरंच होतं. आजवर अदलाबदल मीच करायचे, ते फक्त पारख करायचे.

बाबा काकांकडे बघून हसले. "सौदा करनं पोरीबाळीचं काम नाही. तू लिहून दे फक्त."

काकाही हसले. ज्या माणसाला मी माउस धरायला शिकवलं तो मला माझ्याच खेळातून उठवत होता, आणि तेही बाहेरच्या माणसासमोर. ठीक आहे, मी मनात म्हटलं. करा तुम्हीच.

पलीकडच्याने लिहिलं, अंकल, एक बार पहन के देखूँ? मी ते मोठ्याने वाचलं. अदलाबदलीसाठी गेममध्ये एक वेगळी चौकट होती. दोघांनी आपापली वस्तू तिच्यात ठेवायची, दोघांनी हो म्हणायचं, मगच वस्तू हलायच्या. त्या चौकटीबाहेर काही दिलं की ते दानच. मला हे पाठ होतं. बाबांनी ती चौकट कधी उघडलीच नव्हती. मी फक्त एक वाक्य बोलायला हवं होतं. बाबा थोडे थांबले. मी ओठ घट्ट मिटून पडद्याकडे बघत बसले. यांची एकदा तरी फजिती व्हावी असं मला वाटत होतं, आणि ते मला तेव्हाही स्पष्ट कळत होतं.

बाबांनी शाल दिली. त्या माणसाने ती अंगावर घेतली, एक गिरकी घेतली आणि तो दिसेनासा झाला.

"लाइन गेली असन त्याची," बाबा म्हणाले.

काका चहा पिऊन गेले. बाबा संध्याकाळपर्यंत गेममधल्या चौकात उभे होते. दुसऱ्या दिवशीही, आणि त्यानंतर दहा-बारा दिवस. मला रोज विचारायचे, "काही लिहिलं का त्यानं?" मी नाही म्हणायचे. लोक वस्तू दाखवायला यायचे तेव्हा बाबा म्हणायचे, "लिहून दे, दुसऱ्याले इचारा." मग लोक येईनासे झाले. एका दुपारी लाइन आली आणि बाबा खुर्चीवर जाऊन बसलेच नाहीत. खुर्ची माझी झाली होती आणि मला तिच्यावर बसवत नव्हतं.

दसऱ्याच्या आधी अमरावतीहून एक गृहस्थ आले. वलगाव रस्त्यावर त्यांचं जिनिंग नव्याने सुरू होत होतं आणि त्यांना बाबांसारखा माणूस हवा होता. बाबांची कीर्ती ऐकून ते एसटीने घरी आले होते. आईने चहासोबत पोहे केले. दाराआडून ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू तिलाच नोकरी लागली होती. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मले आता दिसत नाही पयल्यासारखं. तुमी दुसरा पाहा." त्यांचे डोळे उत्तम होते. गृहस्थांनी दोनदा समजावलं, मग चप्पल घातली. आई शिलाईवर जाऊन बसली, पण मशीनचा आवाज आला नाही.

मला राहवलं नाही. नोकरी अजून हातची गेली नव्हती. तो माणूस स्टँडवर असेल, ऑटोने गेले तर गाठता येईल, असं माझ्या डोक्यात चाललं होतं. मी बाबांसमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. ती चौकट, मला ती माहीत असणं, काकांसमोरचा माझा राग, माझं गप्प बसणं. म्हटलं, "तुमची नजर चुकली नाही बाबा. मले मालूम होतं, मीच बोलली नाही. तुमी जा अमरावतीले."

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात पायजम्यावर पुसले.

"त्या माणसाले मी कुठं पाह्यलं होतं?" ते म्हणाले. "त्याचं तर तोंडबी दिसत नव्हतं. मी तुह्याकडं पाह्यलं. तू काही बोलली नाही, म्हनून देली."