शालनच्या फोनवरची आरती

शालननं फोन घेऊन नऊ दिवस झाले, आणि नऊ दिवसांत कार्यक्रमाची एकही सुपारी आली नाही.

आठवडाभर अंबरनाथ एमआयडीसीत नट-बोल्ट पॅक करायचे आणि सुट्टीला भीमगीतं गायची, असं तिचं पंधरा वर्षं चाललेलं. पण कायम दुसऱ्याच्या पार्टीत, मागं बसून कोरस द्यायला. यंदा पार्टी तिच्या नावाची होती. चार बायका, ढोलकीवर नवरा किसन, आणि कल्याणला रेकॉर्ड केलेली एक कॅसेट. बुद्ध पौर्णिमेला बदलापूरच्या बेलवलीत पहिला कार्यक्रम मिळावा म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. लोकांनी बोलवायचं तर हाताशी नंबर हवा, म्हणून हा फोन; बेलवलीच्या कमिटीलाही तिनं नंबर कळवला होता.

उल्हासनगरच्या दुकानात तिनं आधीच विचारलं होतं, "सेठ, यात माझं गाणं वाजेल ना?"

"क्यों नहीं ताई? जो फोन करेल तो ऐकेल. आपका फोन, आपका गाना!"

घरी आल्यावर मैत्रेयीनं फोन उलटासुलटा करून पाहिला. "आई, हा मोबाइल कंपनीचा सेट आहे. कार्ड जात नाही, केबल लागत नाही. कंपनी विकेल तेवढंच गाणं. तुझी कॅसेट यात कशी घालणार, कुटून?"

शालन तशीच परत दुकानात गेली. सेठनं हात वर केले. "कंपनी का सेट है ताई, माझ्या हातात काय? रुको, भक्ती का कुछ लगा देता हूँ." शालनला वाटलं, भक्तीचं म्हणजे बुद्धवंदनाच असणार. तिनं मान हलवली. सेठनं कसलीकसली बटणं दाबली. गाणं ऐकू जाणार फोन करणाऱ्याला, तिला नाही; त्यामुळं नक्की काय लागलंय ते तिला कळलंच नाही. तिच्या हातात फोन नुसता ट्रिंग ट्रिंग करायचा आणि उचलेपर्यंत बंद पडायचा.

नवव्या दिवशी बेलवलीच्या कमिटीचे सुदाम स्वतःच दारात येऊन उभे राहिले.

"जय भीम, शालनताई. तुमचा नंबर चारदा लावला. चारही वेळा गणपतीची आरती! मला वाटलं, पूजेच्या सामानाचं दुकान लागलं. दरवेळी ठेवून दिला."

किसनला हसू फुटलं. शालननं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मुकाट्यानं पाण्याचा तांब्या आणला.

"हसू नका," सुदाम म्हणाले. "आमचे सदूकाका म्हणतात, ज्या बाईच्या फोनवर आरती, ती आपल्या स्टेजवर काय गाणार? मी म्हटलं, विचारून येतो. पत्रिका आज छापायला जातेय. वर तुमचं नाव, खाली नंबर. बोला, काय करू?"

"थांबा, आत्ता बंद करते."

तिनं कंपनीला फोन लावला. एक दाबा, तीन दाबा, पुन्हा एक दाबा. मग बराच वेळ कुठलीशी सनई वाजली. शेवटी एक मुलगी बोलली.

"बंद होईल मॅडम. महिना संपल्यावर."

"अहो, मला आज बंद पाहिजे. नाहीतर त्या जागी दुसरं लावा."

"कोणतं गाणं मॅडम?"

शालननं श्वास घेतला आणि फोन तोंडाशी धरून गायला लागली. कॅसेटमधल्या भीमगीताचं अख्खं कडवं, खड्या आवाजात. सुदाम ताठ झाले. शेजारची अंजनी दारात येऊन उभी राहिली. पलीकडच्या मुलीनं ते ऐकून घेतलं.

"छान आहे मॅडम. गायिका कोण?"

"मीच."

"मग गाण्याचा कोड सांगा."

"माझ्या गाण्याला कोड कुठला?"

"लिस्टमध्ये नाही तर लागणार नाही, मॅडम. आणखी काही मदत?"

शालननं फोन खाली ठेवला. सुदाम मानेनं ताल धरल्यासारखे अजून हलत होते. "ताई, आवाजाबद्दल आता कुणी बोलायचं नाही, ते मी बघतो. पण हा नंबर? लोक पत्रिका बघून फोन करतील, त्यांना आरतीच ऐकवायची?"

"पत्रिका द्या इकडं."

सुदामांनी खिशातून कच्चा कागद काढला. तिचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, आयुष्यात पहिल्यांदा. त्याखाली दहा आकडे. ज्या आकड्यांसाठी उल्हासनगरला दोन खेपा घातल्या, ते आकडे. मैत्रेयीचं पेन घेऊन तिनं ते एका रेघेत खोडले.

"नाव ठेवा," ती म्हणाली. "ज्याला बोलवायचंय, तो विचारत येईल अंबरनाथला."