ताडपत्रीची गाठ

आमच्या जीएनएम नर्सिंगच्या वर्गात छत्तीस मुली होत्या आणि आम्ही चार मुलगे. त्या सिस्टर होणार, आम्ही ब्रदर. बाळंतपणाच्या वॉर्डात आम्हा चौघांना पडद्याबाहेर उभं करायचे. आत काय झालं ते नंतर मुलींच्या वहीतून उतरवून घ्या, म्हणायचे. पण कुणी पिऊन धिंगाणा घातला, कुणी डॉक्टरांच्या अंगावर धावून गेला, की लगेच हाक यायची, "ब्रदरला बोलवा!" तेव्हा मात्र कुठलाच पडदा आडवा येत नसे.

पुढे किनाऱ्याजवळच्या एका रुग्णालयात नोकरी लागली. तिथेही माझ्या डोक्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं, माझे दंड हवे होते. सिस्टर लोक सलाइन लावायच्या, औषधांची वेळ सांभाळायच्या, आणि कॅज्युअल्टीत आरडाओरडा झाला की स्टीलचा ट्रे टेबलावर आपटायच्या. तो आवाज म्हणजे माझं बोलावणं. एका नातेवाइकाने माझी कॉलर धरून मला औषधाच्या कपाटावर ढकललं होतं, काच माझ्या पाठीत शिरली. एकाने मनगटाच्या वर चावा घेतला, त्याचे दात अजून दिसतात. मीही काही देवमाणूस नव्हतो. माणसाला खाली पाडून छातीवर गुडघा ठेवला, की त्याची ताकद हळूहळू संपताना कळते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं.

माझे वडील न्हावा शेव्याच्या बाजूला एका गोदामात ट्रक भरायचे आणि भरलेल्या मालावर ताडपत्री बांधायचे. मी नर्सिंगला गेलो तेव्हा ते चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा म्हणाले, "इंजेक्शनं टोचाया पोरगा वाढवला न्हाय मी." मग कुणाकडून तरी माझ्या मारामाऱ्या त्यांच्या कानावर गेल्या आणि चित्र बदललं. रविवारी घरी गेलो की भाताचा पहिला घास तोंडात जायच्या आत विचारायचे, "ह्या आठवड्यात कुणाला आपटलास का?" मी सांगायचो आणि ते समाधानाने जेवायचे. माझ्या हातून कुणी बरा झाला का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

ताडपत्रीची गाठ मला त्यांनीच शिकवली. मी सात-आठ वर्षांचा असेन. खाटेच्या पायाला सुतळी बांधून त्यांनी ती माझ्याकडून शंभरदा घालून घेतली. ती ओढली की सैल होत नाही, उलट आवळत जाते. "ही गाठ इथं मारली ना, की नागपूरपर्यंत सुटाची न्हाय," ते म्हणायचे. आमच्या घरात कुणाच्या नावावर काही नव्हतं, पण ती गाठ मात्र आमची होती.

मला त्या दंडाच्या नोकरीतून बाहेर पडायचं होतं. पोस्ट बेसिक, म्हणजे नर्सिंगची पुढची पदवी करायची, मग शिकवायला जायचं, वर्गात उभं राहून बोलायचं आणि लोकांनी ऐकायचं. हे वेड माझ्या डोक्यात वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरांनी घातलं. निवृत्तीला टेकल्या होत्या, बोलायला तिखट. म्हणाल्या, "तू असाच राहिलास तर चाळिशीत तुझी कंबर जाईल आणि लोक म्हणतील ब्रदर म्हातारा झाला, दुसरा आणा. शीक." त्यांनीच अर्ज भरून घेतला. परीक्षेत नंबर लागला. आता जिल्ह्याच्या कार्यालयातून ना हरकत पत्र तेवढं आणायचं होतं, आणि त्याचा शेवटचा दिवस होता शुक्रवार.

त्याच शुक्रवारी दुपारी साडेबाराला वॉर्डातला एक पेशंट, माडावरून नारळ पाडणारा माणूस, खाटेवर उठून बसला. पस्तिशीचा, अंगाने वेतासारखा, पंजे मात्र माणसाच्या तोंडाएवढे. पायाच्या नडगीवर कोयता लागून टाके पडले होते म्हणून दाखल झाला होता. रोज पिणारा माणूस, आणि दाखल झाल्यापासून तीन दिवस थेंब मिळाला नव्हता. अशा माणसाला तिसऱ्या दिवशी भास होतात, हे पुस्तकात आहे. त्याला भिंतीवर विंचू दिसायला लागले.

आधी मी त्याला पुस्तकाप्रमाणे बांधलं. मनगटाला कापूस, वर रोलर बँडेज, आणि एका झटक्यात सुटेल अशी गाठ. आणीबाणीत रुग्णाला क्षणात मोकळं करता यावं म्हणून ती तशीच बांधायची असते, मी प्रॅक्टिकलच्या वहीत तिची आकृतीही काढली होती. त्याने वाकून दातांनी टोक ओढलं आणि हात सोडवला. मी वळेपर्यंत त्याने सलाइनचा स्टँड उचलून फिरवला. तो इन्चार्ज सिस्टरांच्या भुवईवर बसला. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि त्यांच्या पांढऱ्या साडीवर रक्त पसरत गेलं.

माझं टाळकं सरकलं. मी त्याला खाटेवर आडवा केला आणि तोंडावर दोन ठोसे मारले. आजारी माणसाला, जो माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीवरच्या विंचवांकडे बघत होता. तिसरा ठोसाही मारला असता, पण शेजारच्या खाटेवरचा म्हातारा ओरडला, "मरंल रं तो!" मग मी बँडेज दुहेरी केलं आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर, दंडाला, खाटेच्या गजाशी करकचून बांधला, म्हणजे त्याचे दात पोचणार नाहीत. कापूस घातला नाही. गाठ घातली ती वडिलांची. वॉर्डातले दोघे-तिघे नातेवाईक म्हणाले, "शाबास ब्रदर." मला बरं वाटलं, हे पण लिहून ठेवतो.

बांधलेल्या माणसाचा हात पुन्हा पुन्हा बघायचा असतो. रंग, नाडी, बोटं हलतात का. सिस्टरांच्या भुवईला टाके पडेपर्यंत मी तिथेच होतो, पण एकदाही गाठीखाली बोट घालून पाहिलं नाही. दोन वाजता ड्यूटी संपली आणि ना हरकत पत्रासाठी मी अलिबागला पळालो. दुपारच्या पाळीची सिस्टर नवी होती. तिला मी एवढंच म्हणालो, "झोपलाय, जवळ जाऊ नकोस." ती गेली नाही. मी पत्र घेतलं, साहेबांना धन्यवाद म्हणालो, बाहेर वडापाव खाल्ला. पावणेसहाला परत आलो तेव्हा ती पोरगी दारातच रडत उभी होती.

त्याचा पंजा काळानिळा पडून फुगला होता. तो हात ओढत राहिला होता आणि गाठ आवळत गेली होती. ती सुटेना. माझी स्वतःची गाठ मला सुटेना. शेवटी कात्री आणली तर कात्रीचं पातं आत शिरायला जागा नव्हती. कातडीसकट कापलं. हात खाली पडला आणि तसाच लोंबकळत राहिला.

नंतर हाताचा रंग परत आला, पण मनगट उचललं गेलं नाही. डॉक्टरांनी तपासलं, नस दबली म्हणाले. दारुडे नशेत हातावर झोपतात तेव्हाही अगदी असंच होतं, हेही ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे न बघता निघून गेले.

इन्चार्ज सिस्टरांनी मला खोलीत बोलावलं. त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. नोंदवहीत त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, की बंधन दर दोन तासांनी तपासलं, सैल होतं, रुग्ण दारूच्या भासात स्वतःच्याच हातावर पडून राहिला होता. मी वाचलं.

"सही कर," त्या म्हणाल्या.

"सिस्टर, हे खरं नाही."

"मला माहीत आहे. खरं लिहिलंस तर चौकशी लागेल, तुझी सीट जाईल, आणि जन्मभर तू ट्रे वाजला की धावत राहशील. त्याचा हात काही परत येणार नाही. कर सही."

मी केली. त्यांनी ते माझ्यावरच्या मायेने केलं. मी घाबरून केलं. त्या माणसाची बायको बाहेर बाकावर बसली होती. डॉक्टरांनी तिला सांगितलं, दारूमुळे हात गेला. ती सगळ्या वॉर्डासमोर नवऱ्यावर अशी तुटून पडली की शेवटी मलाच तिला बाहेर काढावं लागलं.

मी शिकलो. पोस्ट बेसिकची दोन वर्षं जीव तोडून अभ्यास केला, नंतर एका नर्सिंग कॉलेजात ट्यूटर म्हणून लागलो. आता वर्गात साठातले चौदा मुलगे असतात आणि बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांना मी स्वतः पडद्याच्या आत घेऊन जातो. बंधनाचा पाठ मीच शिकवतो. एका झटक्यात सुटणारी गाठ प्रत्येकाकडून शंभरदा घालून घेतो. मुलं म्हणतात, सर ह्या गाठीसाठी जीव खातात. त्यांना काय माहीत.

गेल्या वर्षी मुलांना घेऊन त्याच रुग्णालयात होतो, ड्रेसिंगच्या खोलीत. इन्चार्ज सिस्टर केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. सकाळी अकराला एक माणूस डाव्या हाताला फडकं गुंडाळून आत आला. मी त्याला पंजावरून ओळखलं. उजवा तसाच दांडगा होता, डावा वाळून गेला होता. मांडव्याच्या जेट्टीबाहेर तो शहाळी विकतो. चांगल्या हातात कोयता धरायचा आणि शहाळं त्या मेल्या हाताने टेकवून ठेवायचं, त्यात कोयता सटकला होता.

त्याने मला ओळखलं नाही. माझा एक विद्यार्थी जखम धुता धुता विचारत होता, "काका, हा हात कधीपासून असा?"

"पाच वर्सं झाली. दारूनं गेला," तो म्हणाला. "आधी माडावर चढायचो. दिवसाला तीस-तीस माड. आता एकावर न्हाय चढता येत. देवानं शिक्षा दिली मना. तवापासून थेंब न्हाय घेतला. पोरांनो, माझ्याकडं बघा नि दारूला हात लावू नका." पोरं भक्तिभावाने माना हलवत होती.

विद्यार्थ्याने कागदावर लिहिलं, डाव्या हाताची कमजोरी, कारण मद्यपान. कागद माझ्यापुढे धरला आणि पेन दिलं. "सर, सही."

मी पेन घेतलं. पाच वर्षांपूर्वी मी ही सही एकदा केली होती आणि तिच्यावर हे सगळं उभं होतं. हा एप्रन, ही पोरं, मला मिळणारा 'सर'. पुन्हा केली असती तर कुणालाही कळलं नसतं. मी पेन खाली ठेवलं.

"दारूने नाही गेला तुमचा हात," मी म्हणालो. "मी बांधला होता. तुम्हाला विंचू दिसत होते त्या दिवशी. मी चिडलो होतो, चुकीची गाठ घातली आणि सोडून गेलो. पावणेपाच तास तो तसाच आवळलेला राहिला. नंतर खोटं लिहून सही केली."

त्याने आधी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग उठला आणि उजव्या हाताने माझ्या कानशिलात लगावली. माडाला कव घालणारा हात होता तो. मी औषधाच्या ट्रॉलीवर जाऊन पडलो, बाटल्या फुटल्या, तोंडात रक्ताची चव आली. त्याने पुन्हा हात उगारला तोवर माझ्या तीन पोरांनी झडप घालून त्याला भिंतीशी दाबला होता. एकाने दंड धरला होता, एकाने त्याच्या मानेवर कोपर ठेवलं होतं, आणि तिसरा दाराकडे तोंड करून बँडेज मागत होता. मी शिकवलेलं सगळं त्यांना पाठ होतं, आणि जे मी शिकवलं नव्हतं तेही.

"सोडा त्याला!" मी ओरडलो. "हात सोडा त्याचा!"

पोरांनी सोडला. तो धापा टाकत होता. मला वाटलं पुन्हा मारेल आणि मी हात खालीच ठेवले. पण तो म्हणाला, "माझ्या घरी चल. मना सांगितलंस ते माझ्या बायकोला सांग."

मी एप्रन काढून टेबलावर ठेवला. त्याच संध्याकाळी मी प्राचार्यांना सगळं लिहून दिलं. चौकशी चालू आहे, वर्ग माझ्याकडून काढून घेतलेत. पण त्या वेळी मी फक्त त्याच्या मागे चालत गेलो. सहा सीटच्या रिक्षात आम्ही मांडीला मांडी लावून बसलो. माझा गाल टरारून सुजला होता, त्याच्या पट्टीतून रक्त पाझरत होतं, आणि समोरची बाई आमच्याकडे बघून दुसरीकडे सरकली. वाटेत तो एकच वाक्य बोलला, "पाच वर्सं मी मलाच शिव्या घातल्या रं."

वाडीत त्याची बायको झावळ्या विणत बसली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, ठोशांसकट. मला वाटलं ती कोयता उचलेल, आणि तिने उचलला असता तर मी हललो नसतो. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. हातातली झावळी खाली ठेवली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मंग मी तुमाला एवढी वर्सं काय काय बोलले," ती म्हणाली.

तो तिच्या बाजूला जमिनीवर जाऊन बसला.